तीन लॉट, एक लिफाफा आणि ४५० रुपये टपालखर्च

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही नागपुरात मानेवाड्याला राहता. कोलकात्याच्या एका विक्रेत्याच्या ऑनलाइन लिलावात तुम्ही जुन्या टपाल तिकिटांचे तीन लॉट, म्हणजे एकत्र विकायला ठेवलेले तीन संच, जिंकले. बोली लागली १२०, ९० आणि २१०, म्हणजे मालाचे झाले ४२०. लिलाव आटोपल्यावर त्याने कळवलं की पोस्टेज-पॅकिंग प्रत्येक लॉटला १५०, एकूण ४५०. तुम्ही यूपीआयने ८७० भरले. घरी आला एकच लिफाफा आणि त्यावरच्या पोस्टाच्या पट्टीवर वजन ४६ ग्रॅम, रक्कम ५५.४६. विचारलं तर म्हणाला, सगळेच एवढे घेतात, पॅकिंगलाही खर्च येतो. ही लूट आहे का, पैसे परत मिळतील का, आणि पुढच्या वेळी काय करायचं, हे तुमचं विचारणं.

मी बरीच वर्षं तिकिटं आणि जुनी पत्रं ऑनलाइन घेतो आणि माझ्याकडची जादाची विकतोसुद्धा. त्यामुळे पैसे भरणाऱ्याचा राग मला कळतो आणि लिफाफा घेऊन पोस्टाच्या खिडकीवर उभं राहणाऱ्याचा खर्चही माहीत आहे.

तुमचा राग ५५.४६ या आकड्यावर आहे. साहजिक आहे, कारण तो डोळ्यांसमोर छापलेला आहे. पण विक्रेत्याशी बोलताना तुम्ही याच आकड्यावर अडून बसलात तर तो पॅकिंगचं कारण पुढे करून सुटेल, आणि ते कारण अगदीच खोटं नाही. तुमची खरी तक्रार दोन गोष्टींची आहे. एक, हा खर्च बोली लावण्याआधी सांगितला नव्हता. दोन, लिफाफा एक आणि वसुली तिनदा. या दोन्हीला त्याच्याकडे उत्तर नाही. म्हणून मी पुढे जे सांगतोय ते याच दोन मुद्द्यांभोवती आहे.

आधी ती पट्टी नीट वाचू. पोस्टात बुकिंग झालं की लिफाफ्यावर बारकोडची चिकटपट्टी लागते. त्यावर तेरा अक्षरांचा नंबर असतो: सुरुवातीला दोन इंग्रजी अक्षरं, मग नऊ आकडे आणि शेवटी 'आयएन'. खाली बुकिंगचं पोस्ट ऑफिस, तारीख, वजन, रक्कम आणि त्यातला कर. पट्टीवरच्या रकमेत कर धरलेला असतो. १ ऑक्टोबर २०२५ पासूनच्या दरांप्रमाणे स्पीड पोस्टाने ५० ग्रॅमपर्यंतचं पत्र गावाबाहेर देशात कुठेही ४७ रुपयांत जातं, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे बरोबर ५५.४६. तुमच्या पट्टीचा हिशेब तंतोतंत जुळतो. ५० ग्रॅमच्या वर एक ग्रॅम जरी गेला तरी पुढचा टप्पा लागतो, आणि तिथे अंतराप्रमाणे ५९ ते ७७ रुपये, वर जीएसटी. म्हणून मी लिफाफा घरीच छोट्या डिजिटल काट्यावर ठेवून पाहतो. काटा ५२ दाखवत असेल तर पुठ्ठ्याची कड कापून ४९ वर आणतो. तुमच्या माणसानेही ४६ वर आणलंय, म्हणजे हिशेब त्याला उत्तम येतो.

एक गोष्ट त्याच्या बाजूने सांगायलाच हवी. पूर्वी आपण सगळे रजिस्टर पोस्टाने तिकिटं मागवायचो. हलका लिफाफा ३१ रुपयांच्या आसपास सुखरूप यायचा आणि सहीही घेतली जायची. २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं आणि हा स्वस्त रस्ता बंद झाला. नोंदणीची सोय आता स्पीड पोस्टावरच वेगळे पैसे भरून मिळते. तेव्हा छोट्या लॉटवरचा टपालखर्च खरोखरच वाढला आहे, आणि पाच-सात वर्षांपूर्वीचे दर मनात धरून कुणाला नावं ठेवू नका.

पॅकिंगचंही तसंच. मिंट, म्हणजे न वापरलेली, डिंकासकटची तिकिटं पाठवायची तर ग्लासिनची, म्हणजे गुळगुळीत अर्धपारदर्शक कागदाची पाकिटं लागतात. साध्या प्लास्टिकमध्ये टाकली तर पावसाळ्याच्या दमट हवेत मागचा डिंक प्लास्टिकला चिकटतो आणि तिकिटाची किंमत तिथेच संपते. वरून पाणी लागू नये म्हणून एक प्लास्टिकचं कव्हर, दोन्ही बाजूंना ताठ पुठ्ठा, चांगला लिफाफा, टेप. माझा हा खर्च एका लिफाफ्याला वीस ते तीस रुपये येतो. मग शहरातल्या मुख्य पोस्टापर्यंत (जीपीओ) जाणं, रांग, परत येणं. याचे विक्रेत्याने थोडे पैसे लावले तर मी ते वाजवी मानतो. म्हणजे तुमच्या लिफाफ्याला शंभर-सव्वाशे रुपये घेतले असते तर मी म्हटलं असतं, द्या आणि विसरा. अगदी १५० सुद्धा, आधी सांगितले असते तर, महाग म्हणता आले असते पण अन्याय नाही. ४५० चं समर्थन मात्र कोणत्याही हिशेबात बसत नाही, कारण दुसऱ्या आणि तिसऱ्या लॉटमुळे त्याचा जादा खर्च झाला तो दोन ग्लासिन पाकिटांचा.

विक्रेते असं का करतात, हे समजलं की पुढचा धोका लांबून ओळखता येतो. बहुतेकदा कारण कमिशन हेच. लिलाव भरवणारी साइट फक्त बोलीच्या रकमेवर कमिशन घेत असेल, तर विक्रेता बोली कमी ठेवून टपालखर्चात नफा लपवतो. ईबेवर हे इतकं चालायचं की २०११ मध्ये त्यांनी अमेरिकेत टपालखर्चावरही कमिशन लावायला सुरुवात केली. तरी सवय गेली नाही, कारण बाकीची कारणं उरतातच. यादी किमतीप्रमाणे लावली की कमी बोलीचा लॉट वर दिसतो. '१० रुपयांपासून' असं वाचून माणूस थांबतो. आणि माल परत करायची वेळ आली तर काही विक्रेते 'टपालखर्च परत मिळणार नाही' म्हणतात, म्हणजे जेवढी रक्कम टपालात दडवली तेवढी त्यांच्याकडे सुरक्षित. तुमच्या ९० रुपयांच्या लॉटवर टपाल १५० होतं. जिथे टपालखर्च मालापेक्षा मोठा दिसतो तिथे मी तरी बोली लावायच्या आधी थांबून विचारतो.

सगळाच मोठा टपालखर्च खोटा नसतो, हेही इथेच सांगतो, नाहीतर तुम्ही एखाद्या सरळ माणसावर उगाच चिडाल. कुरिअर कंपन्या नुसतं वजन पाहत नाहीत, पार्सल किती जागा अडवतं तेही पाहतात. लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणायची आणि साधारणपणे ५००० ने भागायचं, येईल ते किलो. प्रत्यक्ष वजन आणि हे वजन यांपैकी जे जास्त त्यावर पैसे. समजा कुणी ग्रामोफोनचा पितळी कर्णा घेतला. स्वतःचं वजन दोन-तीन किलो. पण चेपू नये म्हणून तो ५० बाय ५० बाय ४० च्या खोक्यात बसवावा लागतो. गुणाकार एक लाख, भागिले ५०००, झाले २० किलो. विक्रेत्याने २० किलोचे पैसे मागितले तर तो खरं बोलतोय. फोटोच्या चौकटी, दिवे, जुनी खेळणी, टोपल्या, सगळ्यांचं असंच. अशा वेळी मी विक्रेत्याला एवढंच विचारतो: खोक्याची मापं काय आणि कोणत्या सेवेने पाठवणार? ज्याने खरंच चौकशी केली आहे तो मापं लगेच सांगतो. तिकिटं आणि नोटा यांना हे कारण कधीच लागू होत नाही.

आता कायदा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा, आणि त्याखाली ई-कॉमर्ससाठीचे नियम जुलै २०२० मध्ये आले. त्यांत स्पष्ट म्हटलं आहे की ऑनलाइन विक्रेत्याने एकूण किंमत एका आकड्यात दाखवायची, आणि तिची फोडही द्यायची, ज्यात डिलिव्हरी, पोस्टेज आणि हाताळणीचा खर्च वेगवेगळा दिसेल. त्यानंतर ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 'डार्क पॅटर्न' विरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. फसव्या मांडणीचे तेरा प्रकार त्यांत सांगितले आहेत आणि 'ड्रिप प्रायसिंग' हा त्यांतला एक. किमतीचा काही भाग आधी लपवायचा आणि खरेदी पक्की झाल्यावर सांगायचा, हेच त्याचं वर्णन. तुमच्या बाबतीत झालं ते हुबेहूब असंच आहे.

पण हे सगळं कुणाला लागू, हे परिस्थितीवर अवलंबून आहे. विक्रेता दुकानदार असेल, किंवा दर आठवड्याला लिलाव घेणारा, म्हणजे नियमित धंदा म्हणून विकणारा असेल, तर नियम लागू होतात. कुणी निवृत्त गृहस्थ आपल्या संग्रहातली जादाची तिकिटं कधीतरी विकत असेल, तर तो वैयक्तिक व्यवहार ठरतो आणि ई-कॉमर्सचे नियम तिथे चालत नाहीत. आपल्या छंदातले निम्मे लिलाव व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चालतात. तिथे ग्रुप ॲडमिनचा शब्द हाच कायदा. तुमचा व्यवहार साइटवर झाला की ग्रुपवर, ते तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून दोन्ही रस्ते सांगतो.

त्याआधी एक तपासून घ्या. लॉटच्या वर्णनात, लिलावाच्या अटींत किंवा ग्रुपच्या पिन केलेल्या मेसेजमध्ये 'पोस्टेज प्रत्येक लॉटला वेगळं' असं कुठे लिहिलं होतं का? तेव्हाचं पान किंवा मेसेज शोधून स्क्रीनशॉट काढा. तसं लिहिलेलं असेल तर तुमची बाजू बरीच कमकुवत होते. मग तुम्ही विनंती करू शकता, हक्काने मागू शकत नाही. नुसतं 'शिपिंग एक्स्ट्रा' लिहून रक्कम दिली नसेल तर बाजू तुमची आहे, कारण आकडा न सांगता खर्च सांगितला असं होत नाही.

काही सापडलं नाही असं धरून पुढे जाऊ. पहिला मेसेज थेट विक्रेत्याला, शांतपणे, लेखी. फोन करू नका, फोनवरचं काही हाती राहत नाही. हिंदीत लिहा, पण मजकूर असा असू द्या:

'तिन्ही लॉट व्यवस्थित मिळाले, पॅकिंग चांगलं होतं. तिन्ही एकाच लिफाफ्यात आले. लिलावाच्या आधी टपालखर्चाची रक्कम सांगितलेली नव्हती. एका लिफाफ्याचे तुमच्या दराने १५० रुपये मला मान्य आहेत. उरलेल्या दोन लॉटवर घेतलेले ३०० रुपये कृपया परत करावेत. लिफाफ्याचा फोटो सोबत जोडला आहे.'

यात मी ३९४.५४ परत मागितलेले नाहीत, हे तुमच्या लक्षात आलं असेल. मुद्दाम. तो १५० म्हणतो ना, मग त्याचाच दर एकदा मान्य करायचा. त्यामुळे पॅकिंग, पोस्टात जायचा खर्च, मेहनत या सगळ्या कारणांना जागाच उरत नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या १५० बद्दल काय ते बोल, एवढंच त्याच्यापुढे राहतं. माझ्या अनुभवात अशा मागणीवर पैसे परत येण्याची शक्यता बरीच असते, कारण विक्रेत्यालाही मान राखून मागे यायला वाट मिळते. पै-पैचा हिशेब तोंडावर फेकला की तो हट्टाला पेटतो.

आठवडाभर वाट पाहा. उत्तर नाही आलं तर ग्रुपवरचा व्यवहार असल्यास ॲडमिनला खाजगीत तोच मेसेज, स्क्रीनशॉटसकट. सगळ्यांसमोर लगेच चव्हाट्यावर आणू नका. चांगले ॲडमिन यात लक्ष घालतात, कारण असे दोन-तीन किस्से झाले की घेणारे ग्रुप सोडतात. व्यवहार साइटवरचा असेल तर साइटच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लिहा. त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाल लावायचा, असं तेच २०२० चे नियम सांगतात. त्याचं नाव आणि संपर्क साइटवर देणं बंधनकारक आहे.

तिथेही दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, नंबर १९१५. मराठीतून बोलता येतं आणि पैसे लागत नाहीत. ते कंपनीकडे तक्रार पाठवून पाठपुरावा करतात. त्यापुढचा दरवाजा म्हणजे जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याने एक मोठी सोय केली आहे: विक्रेता कोलकात्याचा असला तरी तक्रार तुम्ही राहता तिथे, म्हणजे नागपुरातच करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, आणि घटनेपासून दोन वर्षांची मुदत आहे. पण ३०० रुपयांसाठी आयोगापर्यंत जावं का? मी जाणार नाही. तारखांना घालवलेला वेळ त्याहून महाग पडतो. हाच माणूस शंभर जणांकडून असंच घेत असेल आणि त्यातले काही एकत्र येत असतील तर गोष्ट वेगळी. यूपीआयने आपण स्वतः पाठवलेले पैसे बँक परत खेचून देईल ही आशाही ठेवू नका.

तुम्ही शेवटी विचारलंय की तक्रार केली तर तो मला वाईट रेटिंग देईल किंवा पुढच्या लिलावात घेणार नाही, मग? नाही घेतलं तर नाही घेतलं. तिकिटं दुसरीकडेही मिळतात. पैसे वेळेत भरणारा, मिळाल्यावर कळवणारा ग्राहक कुणालाही हवा असतो. तुम्ही रेटिंग द्याल तेव्हा मात्र खरं लिहा: माल चांगला, पॅकिंग चांगलं, तीन लॉट एका लिफाफ्यात आणि टपालखर्च तिनदा. एवढ्यात पुढच्याला सगळं समजतं. रागाचे शब्द घातले की वाचणारा तुमच्याचबद्दल शंका घेतो.

इथवरचं आवरतं घेऊन सांगतो: अटी तपासा, ३०० मागा, मग ॲडमिन किंवा साइट, मग १९१५. आता पुढच्या लिलावाकडे येतो, कारण खरे पैसे तिथे वाचतात.

मी बोली लावताना टपालखर्च बोलीतच धरतो. एखादा लॉट मला घरी पोचून ३०० चा वाटत असेल आणि टपाल १५० असेल, तर माझी शेवटची बोली १५०. त्यापुढे एक रुपया नाही. रक्कम लिहिलेली नसेल तर आधी विचारतो: 'नागपूर, पिनकोड अमुक, एका लॉटचे किती, आणि तीन घेतले तर एकत्र किती?' दुसरा भाग विसरायचा नाही. उत्तर आलं नाही तर बोली नाही. तुमचाच हिशेब करून बघा: तुम्हाला ते लॉट २७०, २४० आणि ३६० ला पडले. हे आकडे आधी समोर असते तर तो मधला लॉट तुम्ही २४० ला घेतला असता का? मला वाटतं नाही. तुमचं खरं नुकसान हेच आहे की हा निर्णय घ्यायची संधीच तुम्हाला मिळाली नाही.

एकत्र पाठवणारा चांगला विक्रेता सापडला की हिशेब उलटा होतो. टपालखर्च पहिल्या लॉटवर पडून जातो आणि पुढचे लॉट जवळजवळ बिनखर्चाचे येतात. पण यात एक फसगत आहे आणि नवे संग्राहक हमखास तिच्यात अडकतात. एक लॉट जिंकला की 'टपाल तसंही द्यायचंच आहे' म्हणून नको असलेल्या लॉटवर बोली चढवत जातात आणि साठ रुपये वाचवायला तीनशे घालवतात. प्रत्येक लॉटची किंमत आधी कागदावर लिहून ठेवा आणि लिलाव सुरू झाल्यावर ती बदलू नका.

परदेशातून मागवत असाल तर जास्त जपा. ईबेवर वाजवीपेक्षा जास्त टपालखर्च लावणं हे नियमाविरुद्ध आहे आणि त्याची तक्रार करता येते. दोन-तीन लॉट जिंकले असतील तर पैसे लगेच भरू नका, आधी विक्रेत्याकडून एकत्रित बिल मागवा. एकदा वेगवेगळे पैसे भरले की तो परत करेल तेव्हा खरं. शिवाय कस्टम्स ड्युटी मोजताना मालाच्या किमतीत वाहतूक खर्चही धरतात, म्हणजे फुगवलेल्या टपालखर्चावर तुम्ही पुन्हा कर भरता.

आणखी एक प्रकार तुमच्या बाबतीत झालेला नाही, पण होऊ शकतो: पैसे स्पीड पोस्टाचे घ्यायचे आणि लिफाफा तिकीट लावून साध्या टपालाने टाकायचा. तो हरवला तर शोधायला नंबरच नसतो. म्हणून पैसे भरतानाच लिहून घ्या की बुकिंगच्या दिवशी नंबर कळवाल, आणि दोन दिवसांत नंबर आला नाही तर विचारा. लिफाफा हाती आला की फोडण्याआधी पट्टीचा फोटो काढायची सवय लावा. तुम्ही काढलात म्हणून आज तुमच्याकडे दाखवायला काहीतरी आहे.

लिलावाची अटींची पोस्ट सापडली तर तिचा मजकूर इथे टाका. 'पोस्टेज' शब्द कुठे आणि कसा आलाय ते पाहून मेसेजमध्ये काय बदल करायचा ते सांगतो. विक्रेत्याचं नाव मात्र इतक्यात टाकू नका, आधी त्याला उत्तर द्यायला आठवडा द्या.